आत्याच्या घराचं माप

टेपचं एक टोक मी ओटीच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून धरलंय. आतेभाऊ दुसरं टोक घेऊन माजघरातून मागच्या दाराकडे सरकतोय, आणि आत्या मधोमध उभी राहून "वाकडी जाते रे, वाकडी जाते" म्हणत आम्हा दोघांना सरळ करतेय. लांबी तीस फूट, रुंदी चोवीस. वहीत मी चौकोन काढते आणि आत लिहिते, 720 चौरस फूट.

ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या, म्हणजे घरपट्टीच्या, उताऱ्यावरही हाच आकडा आहे. घराबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याखालच्या ओळीबद्दल : पत्रा शेड, 20 बाय 12, वापर व्यापारी.

ती शेड होती तिथे आम्ही जातो. सिमेंटचा कोबा तेवढा उरलाय. त्यात चार कोपऱ्यांना कापलेल्या पाइपांची तोंडं, गंजून लाल झालेली. एकाच्या पोकळीत मुंग्यांनी वारूळ धरलंय. इथे आत्या सुकी मासळी विकायची. बोंबील, सुकट, वाकट्या. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ पालघरच्या किनाऱ्यासमोरून गेलं, त्या रात्री पत्रे उडाले. पुन्हा शेड उभी केली नाही. गुडघ्यांमुळे धंदाही सुटला. पण शेड पडली हे घरातून कुणी ग्रामपंचायतीला लेखी कळवलं नाही, आणि कळवल्याशिवाय नोंदवहीतली ओळ आपोआप खोडली जात नाही. आता दर चार वर्षांनी होणारी फेरआकारणी निघाली आहे, यादी लागली आहे आणि हरकतीची मुदत चालू आहे.

"दोनशेचाळीस फुटांच्या पत्र्याचे एवढे पैसे कसे?" आत्या ओट्यावर बसत विचारते.

मी वही तिच्यासमोर धरते. 31 डिसेंबर 2015 ला ग्रामपंचायतींच्या कर नियमांत बदल झाला, तेव्हापासून घरपट्टी बसते ती भांडवली मूल्यावर. जागेचा रेडीरेकनरचा दर एकीकडे, बांधकामाचा दर दुसरीकडे. बांधकामाच्या दरातून घराच्या वयाप्रमाणे घसारा जातो. दोन्हींची बेरीज वापराच्या भारांकाने गुणायची. राहत्या घराला 1, कारखान्याला 1.20, दुकानाला 1.25. जे मूल्य येईल त्यावर हजारी दर लागतो, मातीच्या घराला कमी, आरसीसीला सगळ्यात जास्त.

"म्हणजे जे नाहीच, त्याचे सव्वापट," आत्या म्हणते. एवढा मोठा हिशेब तिने एका वाक्यात उरकला.

घसाऱ्यावर माझं बोट अडतं. उताऱ्यावर बांधकामाचं वर्ष 1996 आहे. "छे, तेव्हा घर नावावर झालं," आत्या उठते आणि आतून बिस्किटांचा चौकोनी डबा आणते. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, सुताने बांधलेल्या. वरच्या काही एकमेकींना चिकटल्यात. ती नखाने हलकेच सोडवते, एकेक डोळ्यांजवळ नेते, बाजूला ठेवते. मग एक माझ्या हातात देते. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी, पण सासऱ्यांचं नाव आणि 1981-82 हे वर्ष स्वच्छ वाचता येतं. याहून चांगला पुरावा कोणता वकील आणून देणार? आणखी पंधरा वर्षं जुनं ठरलं तर घराचं मूल्य तेवढं उतरतं. खाऱ्या हवेने इथल्या विटा पीठ होऊन गळतात, दारांचे बिजागर दर दोन-तीन पावसाळ्यांनी बदलावे लागतात, त्याला घसाऱ्याच्या तक्त्यात रकाना नाही. वर्षाला आहे. म्हणून ते वर्ष तरी खरं असलंच पाहिजे.

मागे जाताना आतेभाऊ थांबतो. न्हाणीघर आणि संडास, स्लॅबचं, आठ बाय सहा, अलीकडे बांधलेलं. उताऱ्यावर नाही.

"हे राहू दे," तो हळू आवाजात म्हणतो.

"लिही," आत्या मला म्हणते. "बघायला आले की आधी हेच दिसेल. मग शेडचं माझं कोण खरं धरील?"

तिचं मला शंभर टक्के पटतं. मी 48 चौरस फूट वेगळ्या ओळीत लिहिते. 960 चं आता 768 झालं.

कुंपणापलीकडून शेजारचे काका सगळं ऐकतायत. "कशाला अर्जबिर्ज? सरपंच आपल्याच गावचा. उगाच वाईटपणा." हा वाईटपणाचा धाक मला गावोगाव भेटतो आणि दर वेळी त्रास होतो. हरकत म्हणजे कुणावर आरोप नव्हे. ती घ्यायची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 124 करांचं आहे. त्यात आकारणी मान्य नसेल तर पंचायत समितीकडे अपील आहे, तिथेही पटलं नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. मी काकांना उतारा दाखवते. उजवीकडे एक रकाना आहे, अपिलाचा निकाल आणि त्यानंतरचे फेरफार लिहिण्यासाठी. काका चष्मा लावून तो वाचतात, आणि "माझ्या उताऱ्यावरही असेल का हे?" असं विचारतात.

"असणारच. आणा की."

ते घराकडे वळतात.

अर्ज एका पानात बसतो. शेड पडली, वादळानंतर तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत सोबत. बांधकामाचं वर्ष दुरुस्त व्हावं, पावतीची प्रत सोबत. न्हाणीघर नव्याने नोंदवावं. दोन प्रती, एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन परत आणायची. अपिलात जायची वेळ आलीच तर तारखेला तोच कागद लागतो. मी सगळं मोठ्याने वाचून दाखवते. आत्या सहीसाठी पेन घेते, पण टेकवत नाही.

"खाली अजून एक लिही. समक्ष पाहणी करावी. आणि सकाळी अकराच्या आत या म्हणावं, नंतर मी वाडीत असते."