७ जुलैचा दिनविशेष : एक तारीख, चार नोंदी

प्राथमिक शाळांतून सकाळच्या परिपाठात दिनविशेष सांगण्याची प्रथा आता बहुतेक ठिकाणी रूढ झाली आहे. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहावयाची, तिच्याखाली तीन-चार नावे व सन मांडावयाचे आणि एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याने त्या ओळी एका दमात वाचून दाखवावयाच्या, एवढ्यावर हा कार्यक्रम आटोपतो. एका शाळेत प्रस्तुत लेखकाने फळ्यावर पुढील चार नोंदी पाहिल्या : ‘७ जुलै. १८९६ : मुंबईत पहिला चित्रपट. १९१४ : संगीतकार अनिल विश्वास यांचा जन्म. १९८१ : क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांचा जन्म. २०२१ : अभिनेते दिलीपकुमार यांचे निधन.’ चारही नोंदी बिनचूक होत्या. परंतु “पहिला चित्रपट कोणी दाखविला?” असे विचारताच मागल्या रांगेतून उत्तर आले, “दादासाहेब फाळक्यांनी.” त्यावर पाचवीतील एक मुलगी उठून म्हणाली, “पण फाळक्यांचा चित्रपट तर १९१३ चा. मग मधली सतरा वर्षे काय चालले होते?”

हा प्रश्न मोठा मोलाचा होता. गुरुजींना घाई होती, प्रार्थना व्हावयाची होती आणि प्रश्न तसाच राहिला. त्या मुलीस जे सांगावयास हवे होते, ते येथे सविस्तर मांडण्याचा विचार आहे.

प्रथम १८९६ ची हकीकत. फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंनी आपली चलत्-चित्रे पॅरिस शहरी २८ डिसेंबर १८९५ रोजी पैसे घेऊन लोकांस दाखविली. त्यानंतर अवघ्या सहा-सात महिन्यांत ती मुंबईत आली. ल्यूमिएर बंधू स्वतः मात्र येथे आले नव्हते. त्यांचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए हा यंत्र घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघाला होता व वाटेत मुंबईस थांबला. काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी सायंकाळी त्याने हे खेळ केले. तिकीट एक रुपया होते. एकूण सहा चित्रे दाखविण्यात आली. आगगाडी फलाटावर येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, भिंत पाडली जाते, माणसे समुद्रात डुंबतात, असे त्यांतले साधे प्रसंग होते. प्रत्येक चित्र जेमतेम पाऊण-एक मिनिटाचे असल्यामुळे सारा खेळ पाच-सहा मिनिटांत संपत असे.

यंत्राची रचना मुलांना सांगण्याजोगी आहे. ल्यूमिएरांची एकच पेटी चित्रे घेण्याच्या, त्यांच्या प्रती काढण्याच्या व पडद्यावर दाखविण्याच्या अशा तिन्ही कामी येत असे. सेकंदास सुमारे १६ स्थिर चित्रे डोळ्यांपुढून एकामागून एक सरकत आणि डोळा व मेंदू मिळून त्यांची एक सलग हालचाल बनवीत. याचा पडताळा पाहण्यास पैसा लागत नाही. जुन्या जाड वहीच्या पानांच्या कोपऱ्यांवर चेंडूचे चित्र दर पानी किंचित वर सरकवून काढावे व पाने अंगठ्याने झरझर सोडावीत. चेंडू उसळी घेतो. वर्गात हा प्रयोग एकदा झाला की १८९६ ची नोंद मुले विसरत नाहीत.

एका रुपयाचे तिकीट सामान्य माणसास परवडण्याजोगे नव्हते आणि वॉटसन हॉटेल ही तर गोऱ्या साहेबांची जागा. पुढल्याच आठवड्यात हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात सुरू झाले व तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर ठेवण्यात आले. पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र कक्षांचीही सोय झाली. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे सर्वांत स्वस्त जागा वॉटसनमधील तिकिटाच्या चौथाईत मिळू लागली. एका हॉटेलातील नवलाईचे लोकांच्या करमणुकीत रूपांतर होण्यास प्रारंभ झाला तो येथे.

आता ती सतरा वर्षे. हे परदेशी खेळ पाहून ज्यांच्या मनाने घेतले त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे प्रमुख होत. ते मुंबईतील व्यवसायी छायाचित्रकार. त्यांनी विलायतेहून चित्रे घेण्याचे यंत्र मागविले आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने भारतात घेतलेले पहिले चलत्-चित्र ते हेच, असे सामान्यतः मानले जाते. आपल्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड पाहणाऱ्या मुलांना हे अवश्य सांगावे. या देशातील चित्रपटाने पहिल्यांदा डोळा उघडला तो राजवाड्यावर नव्हे, कुस्तीच्या आखाड्यावर. खेळ व करमणूक यांचे नाते किती जुने आहे याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

सावेदादांचे आणखी एक चित्र आपल्या व्यवसायाच्या जवळचे आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कोकणातील मुर्डी या खेड्यात जन्मलेले. १८९९ साली ते केंब्रिजच्या गणित परीक्षेत सर्वप्रथम श्रेणीचे ‘सीनियर रँग्लर’ ठरले, आणि १९०१ च्या डिसेंबरात मायदेशी परतले तेव्हा मुंबईत चौपाटीवर त्यांचे जे स्वागत झाले त्याचे सावेदादांनी चित्रण केले. एका गणितज्ञाच्या स्वागतासाठी लोक लोटावेत आणि एका छायाचित्रकाराला ते दृश्य टिपून ठेवावेसे वाटावे, यात त्या काळची विद्येविषयीची आस्था दिसते. हेच रँग्लर परांजपे पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या हाती सोपविणारा १९२३ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभे राहून ७ जुलैचा दिनविशेष सांगताना हा धागा आपल्यापर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे पाहण्यासारखे आहे.

यानंतर गिरगावची पाळी येते. १९१० च्या सुमारास गिरगावातील ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’ येथे धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपली राम-कृष्णांची चरित्रे का येऊ नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. १९१२ साली विलायतेस जाऊन त्यांनी यंत्रसामग्री आणली. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी प्रथम जे लहान चित्र केले त्याचे नाव ‘अंकुराची वाढ’. कुंडीत पेरलेल्या बियाण्याच्या रोपाची थोडी थोडी चित्रे दिवसामागून दिवस घेऊन त्यांनी अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखविली. विज्ञानाच्या तासास याहून चांगले साधन कोणते असावे?

त्यानंतर दादर येथे बिऱ्हाड थाटून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा केला. तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके यांना ती भूमिका देण्यात आली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात हा मूकपट लोकांपुढे आला. त्याच कॉरोनेशनमध्ये आदल्या वर्षी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ दाखविला गेला होता. ते एका नाटकाचे चित्रण होते, म्हणून ‘पहिला’ कोणास म्हणावे याबद्दल मतभेद आहेत. मुलांना दोन्ही नावे सांगावीत. ‘पहिला’ हा शब्द फळ्यावर लिहिताना कशात पहिला, हेही लिहिण्याची सवय ठेवली म्हणजे घोटाळे टळतात. १८९६ चा मान दाखविलेल्या पहिल्या चित्रांचा, १८९९ चा भारतीयाने घेतलेल्या पहिल्या चित्राचा, आणि १९१३ चा पूर्ण लांबीच्या पहिल्या भारतीय कथापटाचा. काळा घोडा ते गिरगाव ही चालत तासाभराची वाट. चित्रपटास ती तोडावयास सतरा वर्षे लागली.

बोलपटाची सुरुवातही गिरगावातच झाली. अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी तेथील मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. त्यात सात गाणी होती. चित्रपट बोलू-गाऊ लागताच संगीत दिग्दर्शक हा एक नवा व्यवसाय निर्माण झाला, आणि फळ्यावरील दुसऱ्या नोंदीचा अर्थ येथून उलगडतो.

अनिल विश्वास यांचा जन्म ७ जुलै १९१४ रोजी आज बांगलादेशात असलेल्या बारिसाल येथे झाला. कोवळ्या वयात स्वातंत्र्यलढ्यात पडून त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९३४ साली ते मुंबईस आले. चित्रपटगीतांत समूहगान व मोठा वाद्यवृंद यांचा डौलदार उपयोग करणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. मुकेश यांना १९४५ साली ‘पहिली नज़र’मध्ये आणि तलत महमूद यांना १९५० साली ‘आरज़ू’मध्ये त्यांनी जी गाणी दिली, त्यांनी या दोन्ही गायकांची नावे घरोघरी पोहोचविली. गाताना श्वास कोठे व कसा घ्यावा हे आपण अनिलदांकडून शिकलो, असे लता मंगेशकर सांगत असत. कवायतीच्या वा प्रार्थनेच्या वेळी समूहगीत बसविणाऱ्या शिक्षकांनी या एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. मुले बेसूर वाटतात ती पुष्कळदा भलत्या जागी दम संपल्यामुळे.

चौथी नोंद दिलीपकुमार यांची. पेशावरहून आलेल्या फळांच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. वडिलांची पेढी क्रॉफर्ड मार्केटात होती. एके दिवशी चर्चगेट स्थानकावर ओळखीचे डॉ. मसानी भेटले व त्यांच्याबरोबर तो तरुण मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’मध्ये गेला. नोकरी शोधावयास गेलेला युसूफ खान तेथे दिलीपकुमार झाला. त्याचा पहिला चित्रपट १९४४ चा ‘ज्वार भाटा’, आणि त्याचे संगीत दिग्दर्शक होते अनिल विश्वास! पुढे ‘आरज़ू’ व ‘तराना’ या चित्रपटांतही दोघे एकत्र आले. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबई सेंट्रलजवळच्या मराठा मंदिरात ‘मुग़ल-ए-आज़म’ झळकला, तेव्हा दिलीपकुमारांची कीर्ती शिखरास पोहोचली होती. त्यांचे निधन ७ जुलै २०२१ रोजी मुंबईत झाले.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. अनिलदांचा जन्म व दिलीपकुमारांचे निधन एका तारखेस आले, हा निव्वळ योगायोग. ‘सातवा महिना, सातवी तारीख’ म्हणून त्यात काही गूढ आहे असे मुलांच्या मनात भरवू नये. दोघांनी एकत्र काम केले हे मात्र योगायोगाने नव्हे. त्याला कारणे आहेत व ती सांगता येतात. हा भेद मुलांना चांगला समजतो. वर्षाचे दिवस ३६५ आणि जगात घडामोडी अगणित, तेव्हा कोणत्याही तारखेखाली थोरामोठ्यांची गर्दी होणारच. जर्मनीचा बोरिस बेकर सतरा वर्षांचा असताना विंबल्डन जिंकला, तोही १९८५ चा ७ जुलै.

तारखांच्या खरेपणाविषयीही बोलले पाहिजे. आपल्या शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख किती मुलांपुढे लिहिली गेली आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. फळ्यावरची तारीखही कोणीतरी अशीच कोठून तरी उतरविलेली असू शकते. म्हणून ती दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय लिहू नये.

राहिले श्री. धोनी. रांची येथे ७ जुलै १९८१ रोजी जन्मलेला हा मुलगा शाळेत फुटबॉलचा गोलरक्षक होता. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी त्याची चेंडू अडविण्याची चपळाई हेरली व त्याला क्रिकेटच्या यष्टींमागे उभे केले. शिक्षकांच्या बैठकीत ही हकीकत सांगावी तितकी थोडीच. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेने २७५ धावांचे आव्हान दिले. सेहवाग शून्यावर व सचिन तेंडुलकर १८ धावांवर बाद झाले. त्या स्पर्धेत तोवर धोनी यांचे एकही अर्धशतक झाले नव्हते. तरीही भरात असलेल्या युवराजसिंहास मागे ठेवून कर्णधार स्वतः पुढे आला. गंभीरने ९७ धावा केल्या, धोनी ९१ वर नाबाद राहिले आणि षटकार मारून त्यांनी सामना संपविला. १९८३ नंतर अठ्ठावीस वर्षांनी चषक परत आला.

ज्या शाळांची सहल मुंबईस जाते त्यांनी या नोंदी जागेवर जाऊन पाहाव्यात. काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून घडवून आणलेला आहे. ती मोडकळीस आली असून २०१९ साली न्यायालयाने ती रिकामी करण्याचा आदेश दिला होता. म्हणून मुलांना आत वा सज्जाखाली न नेता समोरच्या पदपथावरूनच दाखवावी. तेथून पश्चिमेस चालत निघाले की चर्चगेट स्थानक लागते, आणि स्थानकापासून रुळांच्या कडेने उत्तरेस थोडे गेले की वानखेडे मैदानाची भिंत दिसते. लहान मुलांना घेऊनही ही वाट पाऊण तासात होते. पाण्याच्या बाटल्या व छत्र्या मात्र बरोबर असाव्यात.