शर्यतीपूर्वीचे दोन आठवडे

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन प्रकारांची, मध्ये विश्रांती न घेता सलग पार पडणारी शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. दमाची परीक्षा पाहणाऱ्या अशा खेळांची नाशिकला चांगली ओळख आहे. 2015 साली येथील डॉक्टर असलेल्या महेंद्र आणि हितेंद्र या महाजन बंधूंनी जोडीने, तर 2017 साली नाशिकला नेमणुकीस असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकट्याने, अमेरिका आडवी पार करणारी सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी नाशिकचे तत्कालीन पोलीस आयुक्त रवींद्र सिंगल यांनी फ्रान्समध्ये पूर्ण पल्ल्याची ‘आयर्नमॅन’ ट्रायथलॉन पार केली. 2019 पासून याच शर्यतीचे अर्धे अंतर, म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे, गोव्यात होऊ लागल्यामुळे नाशिक रोडच्या नोकरदारालाही हे स्वप्न रात्रभराच्या रेल्वेप्रवासाइतके जवळ आले. पहाटे तलावात उतरणे आणि रविवारी सिन्नरच्या दिशेने सायकल काढणे त्याला जमते. अडचण येते ती शेवटच्या दोन आठवड्यांत, जेव्हा त्याने कमी करायचे असते.

सराव ठरवून कमी करण्याच्या या टप्प्याला खेळाडू ‘टेपरिंग’ म्हणतात. त्यामागचा विचार 1970 च्या दशकात कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ एरिक बॅनिस्टर यांनी मांडला. त्यांच्या मते प्रत्येक सराव शरीरात दोन गोष्टी एकाच वेळी निर्माण करतो, क्षमता आणि थकवा. त्यांपैकी थकवा मोठा असला तरी लवकर ओसरतो, क्षमता मात्र सावकाश घटते, आणि प्रत्यक्ष शर्यतीत दिसते ती या दोहोंची वजाबाकी. म्हणून सराव कमी केल्यावर काही दिवस असे येतात की थकवा जवळजवळ गेलेला असतो आणि कमावलेली क्षमता बहुतांशी शिल्लक असते. शर्यतीची तारीख या दिवसांत पडावी, एवढाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू असतो.

नेमके काय कमी करायचे, यावर मात्र बहुतेकांचा घोटाळा होतो. स्वाभाविक कल असा की अंतर तेवढेच ठेवावे आणि वेग कमी करावा, किंवा सरळ घरी बसावे. संशोधन दोन्हींच्या विरोधात आहे. 1992 साली कॅनडात मध्यम पल्ल्याच्या धावपटूंवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात, अंतर खूप घटवून वेग चढा ठेवणारे धावपटू दमछाक होईपर्यंत आधीपेक्षा सुमारे 22 टक्के अधिक वेळ धावले, संथ आणि कमी धावणाऱ्यांत सुमारे 6 टक्केच सुधारणा झाली, तर निव्वळ विश्रांती घेणाऱ्यांची कामगिरी वाढलीच नाही. पुढे 2007 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा सर्वाधिक लाभ दोन आठवड्यांच्या टेपरमध्ये, सरावाचे एकूण प्रमाण 41 ते 60 टक्क्यांनी घटवून, पण वेग आणि सरावाच्या खेपा तशाच ठेवून, मिळतो असे दिसले. आठवड्याला दहा तास सराव करणाऱ्याने पहिल्या आठवड्यात सात आणि दुसऱ्यात चार-साडेचार तासांवर यावे; मात्र प्रत्येक खेपेत शर्यतीच्या वेगाचे दोन-चार छोटे तुकडे असावेत. तीन प्रकारांत कात्री प्रथम धावण्याला लावावी, कारण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यांतील सूक्ष्म इजा भरून यायला वेळ लागतो. पोहण्यात असा आघात नसतो, आणि पाण्यावरची पकड मात्र चार दिवसांच्या खंडाने सुटल्यासारखी वाटते, म्हणून तलाव शेवटपर्यंत सोडू नये.

या काळात स्नायूंमध्ये ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या पिष्टमय इंधनाचा, साठा वाढतो. शेवटचे दीड-दोन दिवस शरीराच्या दर किलो वजनामागे 10 ते 12 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा क्रीडा-आहारतज्ज्ञांचा सल्ला असतो. 65 किलोच्या माणसाला ते दिवसाला किमान 650 ग्रॅम होतात आणि केवळ भातावर भागवायचे तर दोन किलोंहून अधिक शिजवलेला भात लागेल, म्हणून केळी, गूळ, साबुदाणा, उकडलेले बटाटे आणि सरबते यांची जोड द्यावी लागते. भाकरी, उसळी, कोशिंबिरी यांतील चोथा त्या दोन दिवसांपुरता कमी करावा. मिसळ तर शर्यतीनंतरच, मग ती नाशिकची असली तरी. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे वजनकाटा किलोभर वर सरकतो. ती चरबी नव्हे, हे माहीत नसलेला माणूस नेमका त्याच वेळी उपाशी राहतो.

रिकाम्या झालेल्या तासांचे काय करावे, याचे उत्तर झोप. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्याची झोप वर्षभर तोकडी पडत असते, आणि वाचलेला वेळ तो सायकल पुसण्यात किंवा नवे बूट आणण्यात घालवतो. पूर्वी कधी न दुखलेला गुडघा याच दिवसांत कुरकुरू लागल्याचा भास होतो, तोही बहुधा रिकाम्या मनाचा खेळ असतो. सूज किंवा चालताना लंगडणे असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या नाशिकच्या कोरड्या हवेतून गोव्याच्या दमट किनाऱ्यावर उतरणाऱ्याला तिथल्या उकाड्याची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि इतकी रजा क्वचितच मिळते. तेव्हा घरीच काही सराव दुपारच्या उन्हात, सोबत कोणीतरी असताना आणि पुरेसे पाणी घेऊन केलेले बरे.

एक गोष्ट क्लबांच्या गप्पांत सहसा निघत नाही. वरचे बहुतेक निष्कर्ष रोज कसून सराव करणाऱ्या खेळाडूंवरून काढलेले आहेत. ज्याचा आठवडा कार्यालय, लग्नकार्य आणि पाऊस यांतून जेमतेम पाच-सहा तासांचा उरतो, त्याच्याजवळ ओसरायला तितका थकवाच नसतो. त्याने दोन आठवडे सराव कापला तर थोडी क्षमताच गमावेल. अशांना शेवटचे सहा-सात दिवस पुरेत, आणि त्याआधीच्या रविवारीही त्यांनी सिन्नरच्या रस्त्यावर नेहमीसारखी सायकल काढावी.