वाघ, भात आणि स्कॉच एल

नागझिऱ्याच्या रानात, जिथे ना चूल ना वस्ती, तिथे अचानक वासाच्या तांदळाचा भात शिजतोय असं वाटलं तर इकडे-तिकडे डेग शोधू नये. जवळच्या एखाद्या खोडावर वाघाने नुकतीच आपल्या हद्दीची खूण सोडलेली असू शकते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली ‘नेचर’मध्ये हे कोडं उलगडलं. वाघ जो द्रव फवारतो त्यात 2-असिटिल-1-पायरोलिन नावाचा रेणू असतो आणि बासमतीचा दरवळही मुख्यतः त्याचाच. पुढे मोहाच्या फुलांतही तोच निघाला. पाण्याच्या दहा अब्ज भागांत याचा एक भाग असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो.

साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या माणसाला यातलं काहीच परकं नाही. धानाच्या बांध्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव यांचा हा झाडीपट्टीचा मुलूख. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि नागझिऱ्याचं जंगलही काही फार लांब नाही. त्यामुळे माझा एक दावा आहे, थोडा आगाऊ वाटला तरी चालेल: स्कॉच एल नावाची बिअर पारखायला बसवायचं तर झाडीपट्टीतल्या नाकाची निम्मी तयारी घरीच झालेली असते. ही बिअर एकोडीत मिळणार नाही, हे खरंच. 2009 मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली, तेव्हापासून जागच्या जागी बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रूअरी राज्यात रुजल्या, पण त्या शहरांतच.

मोहाच्या दारूची गावठी पारख आगीवर चालते. पहिल्या धारेची थोडी विस्तवावर टाकायची, भडका उडाला की माल कडक. इंग्रजांचीही एके काळी हीच रीत होती. ते दारूत बंदुकीची दारू भिजवून पेटवायचे आणि त्यातून आलेलं ‘प्रूफ’ हे माप पुढे बाटल्यांवर छापलं जाऊ लागलं. ज्वाळा फक्त कडकपणा सांगते, एवढं मात्र लक्षात ठेवावं. विषारी मिथेनॉलही तसंच पेटतं. बिअर तर पेटतच नाही. तिला नाकच लागतं.

मोहाच्या फुलात साखर आयती असते. यीस्टने यावं आणि कामाला लागावं. बार्लीच्या दाण्यात असतो स्टार्च, आणि तो यीस्टला खाता येत नाही. म्हणून बार्लीला मोड आणतात. कोंब फुटताना दाणा स्वतःच स्टार्च तोडणारी विकरं तयार करतो, आणि नेमक्या त्या वेळी त्याला गरम हवेत वाळवून थांबवतात. हे झालं माल्ट. ते भरडून गरम पाण्यात मुरवलं की थांबलेली विकरं पुन्हा जागी होतात. इथे दोन-चार अंशांचाही फरक पडतो. 62-65 अंशांना यीस्टच्या आवडीची साखर जास्त निघते आणि बिअर हलकी, कोरडी होते. 70 च्या जवळ गेलं की यीस्टला न पचणारे लांब रेणू मागे राहतात आणि घोट भरीव लागतो. स्कॉच एलला हा भरीवपणाच हवा असतो. तिच्या ‘वी हेवी’ नावाच्या तगड्या प्रकारात आंबवण्यापूर्वीचा रस पाण्यापेक्षा 7 ते 13 टक्के जड असतो आणि तयार बिअरमध्ये अल्कोहोल साडेसहा ते दहा टक्क्यांपर्यंत जातं. प्रेस्टनपॅन्स या स्कॉटिश गावच्या फाउलर ब्रूअरीने हे नाव गाजवलं, तेही छोट्या बाटलीतून. एवढी जड बिअर पाइंटभर पिणं शहाणपणाचं नव्हतंच.

आता पारख. बिअर परीक्षकांच्या ‘बीजेसीपी’ या संस्थेच्या तक्त्यात एकूण गुण 50 असतात. त्यातले वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणाला 5 आणि एकूण मताला 10. इतक्या सुंदर तांबूस-तपकिरी रंगाला तीनच गुण, हे मला थोडं अन्यायाचं वाटतं. पण चवीचे 20 गुणही खरं तर नाकाच्याच खिशात जातात. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून मनुका चावा. गोड आणि जरासं आंबट, बस्स. नाक सोडलंत की घशामागून वास वर चढतो आणि मनुका मनुकेसारखी लागते.

म्हणून परीक्षक ओतल्याबरोबर आधी हुंगतात. पेल्याचं तोंड तळहाताने झाकून गोल हलवायचं, हात काढायचा आणि छोटे छोटे श्वास घ्यायचे. नाक फार लवकर सरावतं, मग पुढच्या पेल्याआधी काही जण चक्क स्वतःची बाही हुंगून ते ताळ्यावर आणतात. बर्फगार बिअर वास दडवते, त्यामुळे पेला हातात धरून थोडा कोमट होऊ देतात. मग भाजलेल्या पावाच्या सालीचा, काकवीचा, सुक्या अंजिराचा वास वर यायला लागतो. वाळवलेली मोहफुलं ज्याने डब्यात साठवली आहेत, त्याला यातला मनुकेसारखा गोड वास कुणी शिकवायला नको. हॉप्स या फुलांचा कडवटपणा मागेच राहायला हवा. ताज्या लोण्याचा वास जास्त झाला तर यीस्टला काम पुरं करू दिलं नाही असं समजावं. धुराचा वास आला की नवखे खूश होतात, कारण स्कॉच म्हटलं की त्यांना व्हिस्की आठवते. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळणाच्या, धुरावर वाळवलेलं माल्ट व्हिस्कीचं. या एलमध्ये परीक्षक त्याचे गुण कापतात.

आणि एक दोष असा आहे की हुंगून तो सापडतच नाही. पेला नाकाशी धरला तर सगळं ठीक. घोटही ठीक. गिळल्यावर काही सेकंद जातात आणि मग घशातून उंदराच्या पिंजऱ्याचा वास वर येतो. इंग्रजीत त्याला ‘माउसी’ म्हणतात. काही लॅक्टिक जिवाणू किंवा ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट पिंपात शिरलं की हे घडतं. त्यामागे तीन रेणू असतात आणि त्यातला एक आपल्या ओळखीचा आहे: 2-असिटिल-1-पायरोलिन. तोच, भाताचा, मोहाचा आणि वाघाचा.

मग पेल्यात असताना तो गप्प का? बिअर आम्लधर्मी असते, तिचा सामू 4 ते साडेचारच्या आसपास. अशा द्रवात या रेणूला एक प्रोटॉन चिकटतो आणि तो विद्युतभारित होतो. भारित रेणू हवेत उडत नाही, त्यामुळे नाकापर्यंत पोहोचत नाही. लाळेचा सामू जवळपास 7. बिअर गिळल्यावर तोंडात लाळेचं राज्य सुरू होतं, प्रोटॉन सुटतो आणि रेणू मोकळा होऊन घशामागून नाकात शिरतो. भाताच्या पातेल्यात असा अडसरच नसतो. तिथे तो वाफेबरोबर सरळ वर येतो आणि आपण जेवायला बसतो. पावाच्या भाजलेल्या सालीत तो असला तर बेकरीवाल्याचं कौतुक होतं. बिअरमध्ये त्याच्यासोबत त्याची भावंडंही येतात, आणि तिथे त्याची कुणी वाटही पाहत नसतं.

त्यात आणखी एक पेच आहे. सगळ्यांची लाळ सारखी नसते, त्यामुळे हा दोष काही जणांना जाणवतच नाही. एकाच टेबलावर, एकाच बाटलीला एक परीक्षक 40 गुण देतो आणि शेजारचा 22 वर थांबतो. अशा वेळी तक्ते लगेच गोळा करत नाहीत. दोघे पुन्हा एकेक घोट घेतात, गिळतात आणि काही न बोलता थांबतात. ज्याला वास येतो तो सांगतो, ज्याला येत नाही तो ऐकतो, आणि दोघांचे आकडे जवळ आल्यावरच तक्ता पुढे जातो.