पुणेरी पलटणनं अस्लमला धरून ठेवलं, मग आकाश शिंदे बेंगळुरूला कसा गेला?

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की सोशल मीडियावर दोनच शब्द फिरतात, रिटेन आणि रिलीज. पाठोपाठ चाहत्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "याला का सोडलं राव?"

आता पुणेरी पलटणचंच बघा. अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि आकाश शिंदे या पोरांना पलटणनं घडवलं. त्यातले अस्लम आणि आकाश २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. पण बाराव्या सीझनआधी पलटणनं अस्लमला ठेवलं आणि आकाश लिलावात गेला. बेंगळुरू बुल्सनं त्याच्यासाठी ५३.१० लाख रुपये मोजले.

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी नियम बघावे लागतात.

पोरगा संघात येतो कसा?

मोठी नावं लिलावातून येतात. पण प्रत्येक संघाला काही नवी पोरं लिलावाशिवाय थेट घेता येतात. त्यांना न्यू यंग प्लेयर, म्हणजेच एनवायपी म्हणतात. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम आठव्या सीझनमध्ये असाच पलटणमध्ये आला. दहाव्या सीझनमध्ये त्याच्याच कॅप्टनशिपखाली पलटणनं पहिलं विजेतेपद जिंकलं.

एनवायपी म्हणून आलेल्या पोराला संघ पुढचे सीझनही कायम ठेवू शकतो. त्यासाठी 'रिटेन्ड यंग प्लेयर' आणि 'एलिट रिटेन्ड प्लेयर' अशा वेगळ्या कॅटेगरी आहेत. यादीत नाव असेपर्यंत दुसरा संघ त्याच्यावर बोली लावू शकत नाही.

मग सगळ्यांनाच का ठेवत नाहीत?

कारण जागा मोजक्या आणि पैसाही मोजका. संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू आणि पूर्ण संघासाठी ५ कोटी रुपये. कायम ठेवलेल्या खेळाडूंचे पैसेही याच ५ कोटींतून जातात. तीन चांगले रेडर धरून ठेवले, तर कोपरा सांभाळणाऱ्या डिफेंडरसाठी हात आखडता घ्यावा लागतो.

एक पळवाट आहे, फायनल बिड मॅच म्हणजेच एफबीएम कार्ड. आपला खेळाडू लिलावात गेला आणि दुसऱ्या संघानं शेवटची बोली लावली, तर तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेता येतं. २०२५ च्या लिलावात दबंग दिल्लीनं आशू मलिकला १.९० कोटींना असंच परत आणलं. त्याच आशूच्या कॅप्टनशिपखाली दिल्लीनं बाराव्या सीझनची फायनल ३१-२८ नं जिंकली. समोर होती आपली पुणेरी पलटण.

सोडलेला खेळाडू किती महागात पडू शकतो, हेही पलटणनं आधी बघितलं होतं. दहाव्या सीझनला २.३५ कोटींना घेतलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई विजेतेपदानंतर संघात राहिला नाही. हरियाणा स्टीलर्सनं त्याला २.०७ कोटींना घेतलं आणि अकरावा सीझन जिंकला. फायनल झाली कुठं? पुण्यात, बालेवाडीत. पलटण तर त्या वेळी प्लेऑफमध्येही नव्हती.

अमेरिकेतही हेच

बेसबॉलमध्ये याला 'रूल ५ ड्राफ्ट' म्हणतात. तिथं मोठ्या संघांचे खालच्या लीगमध्ये स्वतःचे संघ असतात. तिथं चार-पाच वर्षं काढलेल्या पोराला मुख्य ४० जणांच्या यादीत घेतलं नाही, तर दुसरा संघ १ लाख डॉलर देऊन त्याला उचलू शकतो. अट एकच, त्याला पूर्ण सीझन मुख्य संघात ठेवायचं. जमलं नाही, तर जुन्या संघाला ५० हजार डॉलरमध्ये परत द्यायची ऑफर करावी लागते.

१९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनं रोबेर्तो क्लेमेंते नावाचा पोरगा खालच्या संघात ठेवला होता. तेव्हाच्या ड्राफ्टमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं त्याला उचललं. पुढं तो १८ सीझन पिट्सबर्गकडून खेळला आणि दोन वर्ल्ड सिरीज जिंकला. एका संघानं टॅलेंट बाकावर कुजवत ठेवू नये, हाच या नियमाचा हेतू.

खेळाडूचं काय?

आपण 'रिटेन' म्हणजे कौतुक आणि 'रिलीज' म्हणजे अपमान समजतो. पण पैशाच्या बाजूनं बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. रिटेन झालेल्या पोरावर खुली बोली लागत नाही, त्यामुळं त्याचा बाजारभाव कळतच नाही.

पाटणा पायरेट्सचं उदाहरण घ्या. अकराव्या सीझनमध्ये देवांक दलालनं ३०१ रेड पॉइंट काढले, त्याच्या जोडीला अयान लोहचब होता. पाटण्यानं अयानला कायम ठेवलं. देवांक लिलावात गेला आणि बंगाल वॉरियर्झनं त्याच्यासाठी २.२०५ कोटी मोजले.

म्हणून कारेगाव-रांजणगावकडं संध्याकाळी मातीत चढाई करणाऱ्या एखाद्या पोराला उद्या एनवायपीचा करार समोर आला, तर त्यानं आणि घरच्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. करार किती सीझनचा? पुढं कायम ठेवायचा हक्क कुणाकडं? आणि त्या काळात पैसे कसे वाढणार? कबड्डीपटूची उमेदीची वर्षं थोडीच असतात, गुडघा गेला की तीही संपतात. बाकावर गेलेला सीझन परत मिळत नाही.

आकाशला पलटणनं सोडायला नको होतं, की ५ कोटींत हेच शक्य होतं? तुम्हाला काय वाटतं, नक्की सांगा.