परित्यक्त लोहमार्ग व सायकलीची वाट

(१) विषयप्रवेश

पोथीचीं मधलीं पानें गहाळ झालीं म्हणजे उरलेल्या पानांचेंही मोल कसें उतरतें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दप्तराची गोष्ट तीच. एका घराण्याचे कागद एकत्र असतात तोंपर्यंत त्यांतील क्षुल्लक चिठ्ठीही बोलते. तेच कागद चार घरीं वांटले गेले कीं त्यांतील महत्त्वाचें पत्रही मुकें होतें. हाच न्याय अशा एका वस्तूस लागू पडतो, कीं जिची गणना ऐतिहासिक साधनांत अद्याप फारशी होत नाहीं. ती वस्तु म्हणजे आगगाडी बंद पडल्यावर मागें राहिलेला लोहमार्ग.

असे मार्ग अखंड राखण्याचा एक उपाय परदेशांत सुमारें साठ वर्षें चालू आहे. रूळ उचलावयाचे आणि त्याच भरावावर, मोटारींस मज्जाव करून, केवळ सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठीं वाट करावयाची. तिला आम्ही या लेखापुरतें 'रूळवाट' म्हणूं. ही वाट इतकी सुगम कां असते, ती कोणत्या युक्तीनें टिकते आणि आमच्या वऱ्हाडास तिचा काय उपयोग, इतकें सांगण्याचा येथें हेतु आहे.

(२) मार्गभेदाची जुनी कल्पना

निरनिराळ्या वाहतुकीस निरनिराळे मार्ग असावे ही कल्पना नवी नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत दुर्गाची रचना सांगतांना रथांचे, पशूंचे व मनुष्यांचे मार्ग वेगवेगळ्या रुंदीचे सांगितले आहेत. तिसऱ्या अधिकरणांत मार्ग अडविणारास दंड आहे. लहान पशु व मनुष्यें यांची वाट अडविल्यास १२ पण, मोठ्या पशूंची अडविल्यास २४ पण, आणि मार्गाचें महत्त्व वाढेल तसा तो दंड १,००० पणांपर्यंत चढत जातो. वाट नांगरून टाकणारासही त्या शास्त्रकारानें मोकळें सोडलेलें नाहीं. शेजारचें शेत हळूहळू वाट गिळतें, ही तक्रार त्या काळींही होती असें यावरून उघड दिसतें. मनुष्यांच्या वाटेचा दंड सर्वांत हलका असला, तरी तिला स्वतंत्र नांव व स्वतंत्र संरक्षण होतें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. आजच्या रस्त्यावर तिला दोन्हीही नाहींत.

(३) लोहमार्गाचा चढ सौम्य कां असतो

गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर फार थोड्या श्रमानें धांवतें. पण त्याच कारणानें चढावर त्याची पकड सुटते. म्हणून लोहमार्ग आंखणारास चढ अतिशय बेतानें द्यावा लागतो. शंभर फुटांत एक फूट हा चढही त्याच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगा. इ. स. १८६३ मध्यें खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गावर सुमारें ३७ फुटांत एक फूट असा चढ होता, आणि तो त्या काळीं मोठ्या धाडसाचा मानला गेला. उलट घाटांतील मोटाररस्त्यावर वीस फुटांत एक फूट किंवा त्याहूनही कडक चढ सर्रास आढळतो.

या फरकाचा अर्थ सायकलस्वारास मांड्यांनीं कळतो. सायकल व स्वार मिळून ८० किलो वजन धरल्यास, विसांत एक या चढावर सुमारें ४ किलोचा भार त्यास सतत मागें ओढीत असतो. शंभरांत एक या चढावर तोच भार ८०० ग्रॅम उरतो. पहिल्या चढावर तरुणही उतरून सायकल हातीं धरील. दुसरा चढ शाळकरी मुलगी व साठीचा गृहस्थ दोघेही बसल्या जागीं चढतील. डोंगराळ मुलखांत रूळवाटेचें जें विशेष मोल, तें याच कारणानें. डोंगर तोच, पण मागील पिढ्यांनीं खिंडी फोडून, भराव घालून व मोठ्या वळशानें मार्ग नेऊन त्याचा चढ आपल्यासाठीं आधींच वांटून ठेवलेला असतो.

(४) वाट करण्याची रीत

रूळ व स्लीपर उचलल्यावर खालची मोठी खडी उरते. तिच्यावर सायकल चालत नाहीं. म्हणून ती काढून किंवा दाबून वर बारीक खडी अथवा मुरूम पसरतात व रूळ फिरवितात. पुलांवर तक्तपोशी करून दोन्ही बाजूंस कठडे बसवितात. जेथें गाडीरस्ता वाट छेदून जातो, तेथें मोटारसायकल आंत शिरूं नये अशा अंतरानें खांब रोवतात. खरा खर्च व खरी काळजी पाण्याची असते. लोहमार्गाच्या मोऱ्या व बाजूचे चर बुजले, तर दोन पावसाळ्यांत भराव खचतो. आमच्याकडील काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यांत ही सावधगिरी दुप्पट हवी.

(५) परदेशांतील कांहीं उदाहरणें

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतांत एलरॉय व स्पार्टा या गांवांमधील लोहमार्ग १९६४ सालीं सोडून देण्यांत आला. तेथील सरकारनें तो विकत घेऊन १९६७ मध्यें सायकलींस खुला केला. त्याची लांबी सुमारें ५१ किलोमीटर असून त्यावर तीन बोगदे आहेत. सर्वांत मोठा पाऊण मैलाच्या घरांत भरतो. न्यूझीलंडांत ओटागो प्रांतांतील सुमारें १५० किलोमीटरांचा मार्ग १९९० सालीं बंद झाला व २००० मध्यें रूळवाट म्हणून पूर्ण झाला.

इंग्लंडची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. तेथें १९६३ सालच्या बीचिंग यांच्या अहवालानंतर हजारों मैल लोहमार्ग बंद पडले. पुष्कळ ठिकाणीं जमिनी तुकड्यातुकड्यांनीं विकल्या गेल्या, पूल पाडले गेले, भरावांवर घरें उठलीं. पुढें वाट करूं जातां कोठें एक पूल नाहीं, कोठें अर्धा मैल दुसऱ्याच्या मालकीचा, अशी अवस्था झाली. जेथें मार्ग अखंड सांपडला, तेथें मात्र काम झालें. ब्रिस्टल ते बाथ ही १३ मैलांची वाट १९७९ ते १९८६ या काळांत, बऱ्याच अंशीं स्वयंसेवकांच्या श्रमानें सिद्ध झाली. आयर्लंडांत वेस्टपोर्ट ते अकिल हा मार्ग १९३७ सालींच बंद पडून जमीन शेतकऱ्यांकडे गेली होती. सत्तर वर्षांनंतर त्यांची एकेकाची संमति मिळवून तेथें सुमारें ४२ किलोमीटरांची वाट करण्यांत आली. तुटलेली माळ पुन्हा ओंवतां येते, पण त्यास किती मनधरणी लागते, याचें हें उदाहरण होय.

(६) अखंडता राखण्याची युक्ति

अमेरिकेंत अनेक कंपन्यांस जमिनीवर केवळ लोहमार्गापुरता वहिवाटीचा हक्क होता. मार्ग सोडला कीं तो हक्क संपे व जमीन शेजारच्या मालकाकडे जाई. यावर १९८३ सालच्या कायद्यानें एक तोड काढण्यांत आली. एखादी संस्था अथवा सरकार तो पट्टा वाट म्हणून सांभाळण्याची हमी देईल, तर तो मार्ग सोडला असें कायद्याच्या दृष्टीनें समजावयाचें नाहीं. तो पुढेंमागें लागणाऱ्या लोहमार्गासाठीं ठेव म्हणून ठेवला असें मानावयाचें. १९९० मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा वैध ठरविला.

या युक्तीचें मर्म वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. रूळवाट ही आगगाडीची उत्तरक्रिया नव्हे. तिच्या जागेची राखण आहे. वाट वापरांत असेल तोंपर्यंत अतिक्रमण होत नाहीं, मोऱ्या साफ राहतात, पूल पडत नाहींत. आणि गाडी परत यावयाची झाल्यास तिला नवी जमीन संपादन करावी लागत नाहीं.

(७) आमच्या प्रदेशांतील मार्ग

पिंपळगांव राजा हें खामगांव तालुक्यांतील गांव ज्ञानगंगेच्या कांठीं, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं वसलें आहे. गांवास लोहमार्ग नाहीं. उत्तरेस नांदुरा व पूर्वेस खामगांव हीं जवळचीं स्थानकें. नागपूरपर्यंतचा मुख्य मार्ग १८६७ सालीं पुरा झाला. जलंबहून खामगांवास जाणारा सुमारें १३ किलोमीटरांचा फांटा १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खुला झाला, आणि खामगांवच्या कापसाच्या बाजारास तो जीवनवाहिनीसारखा झाला. हा फांटा अद्याप चालू आहे. त्याचा विचार येथें कर्तव्य नाहीं. खामगांवहून जालन्यास मार्ग न्यावा ही मागणीही फार जुनी आहे. म्हणजे या मुलखाचें लक्ष आगगाडी येण्याकडे आहे, जाण्याकडे नाहीं. तरी पण शेजारीं तीन मार्ग असे आहेत, कीं ज्यांचा विचार येथील संशोधकांनीं करणें अवश्य आहे.

पहिला मार्ग मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळ या दोन बाजूंस जाणारा, अडीच फूट रुंदीच्या रुळांचा. लोक त्यास प्रेमानें 'शकुंतला' म्हणतात. अचलपूरची बाजू ७६ व यवतमाळची ११३ किलोमीटर आहे. किलिक-निक्सन या कंपनीच्या व्यवस्थेखालीं, कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठीं तो विसाव्या शतकाच्या आरंभीं घातला गेला, आणि पुढें रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही त्याची मालकी खाजगीच राहिली. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बनलेलें वाफेचें एंजिन त्यावर १९२३ पासून १९९४ पर्यंत राबलें. अलीकडच्या काळांत त्यावरील गाड्या थांबल्या असून रुंद रुळांची मागणी चालू आहे.

दुसरा पाचोरा-जामनेर हा ५६ किलोमीटरांचा अरुंद मार्ग. त्यावरील गाडी २०२० सालीं थांबली. पण त्याचें रुंदीकरण करून तो बोदवडपर्यंत वाढविण्याची योजना आहे. येथें मार्ग पुन्हा लोहमार्गच होणार असल्यानें वाटेचा प्रश्न उद्भवत नाहीं. मात्र जुनीं स्थानकें व मोऱ्या यांची नोंद रुंदीकरणापूर्वींच झाली पाहिजे.

तिसरा अकोला-खंडवा मार्गाचा मेळघाटांतील भाग. धूळघाट येथें सातपुडा चढण्यासाठीं रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच मार्गावरून पलीकडे जातो. चढ सौम्य ठेवण्यासाठीं लांबी वाढविण्याचें याहून स्पष्ट उदाहरण वऱ्हाडांत नाहीं. रुंदीकरणासाठीं २०१७ च्या आरंभीं गाड्या थांबल्या. अकोट ते अकोला हा भाग २०२२ मध्यें पुन्हा चालू झाला. परंतु पुढील मार्ग व्याघ्र प्रकल्पांतून न नेतां बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांतून वळवावा, असा पर्याय पुढें आला.

(८) आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा, कीं लोकांस गाडी हवी असतां सायकलीची वाट पुढें करणें म्हणजे तहानेल्यास रिकामें भांडें देणें होय. शकुंतलेनें गरीब प्रवाशांस अल्प भाड्यांत नेलें. तिची जागा वाट घेऊं शकत नाहीं, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण रूळ गंजत, वेड्या बाभळींत बुडत पडल्यानेंही गाडी येत नाहीं. वाट ही मागणीच्या आड येत नसून मागणीची जागा राखते. मात्र पट्ट्याची मालकी व लोहमार्गाचा हक्क अबाधित असल्याचें आरंभींच लेखी ठरलें पाहिजे.

दुसरा आक्षेप अरण्याचा. येथें आम्ही आक्षेपकांच्या पक्षाचे आहों. प्रत्येक सोडलेला मार्ग रूळवाट व्हावा असें नाहीं. मेळघाटांतील भाग वाघांस व वनास सोडावा. धूळघाटच्या वळशाचें मापन व चित्रण करून तें दप्तरीं ठेवावें, तेवढें पुरे. वाट करावयाची ती वस्तीच्या मुलखांत, जेथें गांवें एकामागून एक लागतात.

तिसरा आक्षेप उपयोगाचा: वैशाखांतल्या उन्हांत सायकल कोण फिरविणार? हौशी प्रवासी कदाचित् फिरविणार नाहीं. परंतु दूरच्या शाळेंत जाणाऱ्या मुलींस मानव विकास कार्यक्रमाखालीं सायकली दिल्या जातात, आणि शाळा आषाढापासून भरते. मुलीच्या हातीं सायकल आली. पण ती चालवावयाची ट्रक व मोटारसायकलींच्या रस्त्याच्या कडेनें. ज्यांनीं शाळेंत जन्म घालविला, त्यांस या रस्त्यापायीं किती मुलींचें शिक्षण सातवी-आठवीवर थांबतें, हें निराळें सांगावें लागत नाहीं. बाप शाळेला नाहीं म्हणत नाहीं, रस्त्याला नाहीं म्हणतो. मोटारविरहित वाटेचा सर्वांत मोठा उपयोग आम्हांस येथें दिसतो.

(९) संशोधकांचें कर्तव्य

रूळवाट करणें हें सरकारचें व लोकांचें काम. तिच्याकरितां साधनें जमविणें हें आपलें. जुनीं वेळापत्रकें, तिकिटें, मालाच्या पावत्या, भूसंपादनाचे कागद, स्थानकांचीं छायाचित्रें आणि मार्गावर काम केलेल्या माणसांच्या तोंडच्या हकीकती आज घरोघर विखुरलेल्या आहेत. सभासदांनीं आपापल्या गांवाजवळचा भाग पायीं चालून प्रत्येक मोरी, पूल, फाटक व मैलाचा दगड यांची क्रमवार यादी करावी. दगडावर साल कोरलेलें असल्यास त्याचा ठसा घ्यावा. कोठें अतिक्रमण आहे, कोठें मार्ग तुटला आहे, तें तारखेसह टिपावें. अशी यादी तयार असली, तर मार्ग विकावयास निघाल्या दिवशीं तो कोठून कोठवर अखंड होता हें दाखवितां येईल.

एक पूल पाडण्यास एक दिवस पुरतो व एक शेत नांगरण्यास एक सकाळ. या दोहोंपूर्वीं वरील यादी झाली पाहिजे. शकुंतलेच्या मार्गाजवळील सभासदांनीं येत्या हिवाळ्यांतच हें काम हातीं घ्यावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.