कुटुंबनियोजनाचे शिक्षण आणि भगिनींचे समाधान

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत कुटुंबनियोजनाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही सभासदबंधूंच्या मनात येईल. परंतु ज्या घरासाठी आपण पेढीवर बसतो, त्या घरातील स्त्रीचे आरोग्य हाही आपल्याच हिशेबाचा विषय होय. म्हणून आरोग्यकेंद्रांत मिळणाऱ्या कुटुंबनियोजनाच्या शिक्षणाने भोपाळमधील आपल्या भगिनींचे समाधान होते काय, आणि ते कशावरून ओळखावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

मराठी समाजाला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या द्वारे शास्त्रीय माहितीचा प्रसार केला. स्त्रियांना संकोच न वाटता उपचार घेता यावेत, ही जाणीव भोपाळातही जुनीच आहे. सुलतानिया जनाना रुग्णालयास नवाब सुलतान जहान बेगम यांचे नाव आहे, ते उगाच नव्हे. १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा तो जगातील पहिला देश. पुढे मात्र शिक्षण मागे पडून आकड्यांना महत्त्व आले. आणीबाणीतील सक्तीच्या शस्त्रक्रियांनी लोकांचा विश्वास उडाला. अखेर १९९६ साली सरकारने ठरावीक लक्ष्यांक देण्याची पद्धत सोडली.

आज लहान कुटुंबाची कल्पना लोकांना पटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मध्य प्रदेशात एका स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या २००५-०६ साली ३.१ होती, ती २०१९-२१ मध्ये २.० वर आली. तेव्हा प्रश्न उरतो तो त्या स्त्रीला मिळणाऱ्या वागणुकीचा.

केंद्रातून निघताना तिला कोणी विचारले, ‘सर्व ठीक ना?’ तर ती ‘हो’ म्हणते. कडेवर मूल, घरी स्वयंपाक राहिलेला, समोर परिचारिका उभी. दुसरे ती काय म्हणणार? हा होकार सौजन्याचा असतो, समाधानाचा असेलच असे नाही. ज्यूडिथ ब्रूस या विदुषीने १९९० साली सेवेच्या दर्जाच्या सहा कसोट्या सांगितल्या: साधनांची निवड करण्याची मोकळीक, पुरेशी माहिती, सेवा देणाऱ्यांचे कौशल्य, आपुलकीची वागणूक, पुढील देखभाल आणि इतर आरोग्यसेवांशी योग्य सांगड.

यांपैकी माहितीची कसोटी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तांबी बसविल्यावर पहिले काही महिने रक्तस्राव वाढू शकतो. ‘अंतरा’ या दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या इंजेक्शनाने पाळी अनियमित होते किंवा थांबते. हे आधी सांगितले असेल तर स्त्री घाबरत नाही, आणि त्रास वाढल्यास केंद्रात परत जाते. सांगितले नसेल तर ती मनातून धसका घेते, घरचेही घाबरतात आणि साधन सुटते. चीनमध्ये याच प्रकारच्या इंजेक्शनासंबंधी झालेल्या व १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नीट समजावून सांगितलेल्या स्त्रियांपैकी वर्षभरात शेकडा ११ जणींनी ते सोडले, तर नेहमीची जुजबी माहिती मिळालेल्यांपैकी शेकडा ४२ जणींनी. आपल्या देशात दुष्परिणामांची कल्पना दिल्या गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा सुमारे ४७ होते. २०१९-२१ मध्ये ते ६२ झाले. प्रगती खरी, पण तिघींपैकी एकीहून अधिक जणींना तेव्हाही हे कळलेले नव्हते.

मालातील उणीव आधी सांगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावयास नको. आरोग्यकेंद्राचेही तसेच आहे.

परंतु सारा दोष केंद्रावर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. सुनेबरोबर सासूबाई जातात, प्रश्नही त्याच विचारतात; सून खाली मान घालून ऐकते. पुरुष तर बाहेरच थांबतो. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. पतीची शस्त्रक्रिया झालेल्या अवघ्या ०.३. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची असते.

म्हणून सभासदबंधूंस आमची विनंती आहे की, त्यांनी पत्नीसह केंद्रात जावे, स्वतः माहिती ऐकावी आणि काही वेळ तिला परिचारिकेशी एकटीने बोलू द्यावे. भगिनींनीही चार प्रश्न निःसंकोच विचारावेत: माझ्यासाठी कोणकोणती साधने आहेत? त्यांपासून कोणता त्रास संभवतो? परत केव्हा यावे? आणि साधन सोडल्यावर पुन्हा मूल होऊ शकेल काय? या चारही प्रश्नांची उत्तरे घेऊन जी भगिनी घरी परतेल, तिचेच समाधान खरे समजावे.