उद्भवाचा दाखला

गावात नळयोजना आली की लोकांच्या दृष्टीस पडतो तो वेशीजवळचा उंच जलकुंभ, त्यावर ठळक अक्षरांत रंगविलेले योजनेचे नाव आणि उद्घाटनाची कोनशिला. परंतु त्या जलकुंभाचा पाया खणला जाण्यापूर्वी कित्येक महिने, गावाची आजची व पुढची लोकसंख्या, विहिरीचा झरा, नळाचा व्यास, पंपाची अश्वशक्ती आणि खर्चाची पै न्‌ पै यांची रुजवात घालीत प्रस्तावाची फाईल एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत असते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. या तपासणीच्या शेवटी जी सही होते तिला तांत्रिक मंजुरी म्हणतात, आणि गावाला पुढील पंचवीस-तीस वर्षे पाणी मिळणार की नाही, याचा निकाल माझ्या मते बहुतांशी त्या सहीपूर्वीच लागून गेलेला असतो.

प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी या दोन गोष्टी लोकव्यवहारात एकच समजल्या जातात, पण त्यांचा अधिकार वेगळा आहे. काम हाती घ्यावे काय आणि त्यासाठी अमुक इतका खर्च करण्यास सरकार राजी आहे काय, याचे उत्तर प्रशासकीय मान्यता देते. संकल्पचित्रे बिनचूक आहेत, अंदाजपत्रक चालू दरसूचीप्रमाणे आहे आणि योजना बांधल्यावर ती खरोखरच चालेल, अशी हमी सक्षम अभियंता आपल्या नावानिशी देतो ती तांत्रिक मंजुरी. शाखा अभियंत्याने मोजणी करून तयार केलेला प्रस्ताव उपअभियंत्याच्या शेऱ्यासह कार्यकारी अभियंत्याकडे जातो आणि रकमेच्या मर्यादेनुसार अधीक्षक वा मुख्य अभियंत्यापर्यंत चढतो. मुंबईला विहार तलावाचे पाणी 1860 मध्ये मिळाले तेव्हापासून नळाच्या पाण्याची जबाबदारी सरकार व नगरसंस्था यांनी आपल्याकडे घेतली खरी. पण सबंध राज्यासाठी या कामाचे स्वतंत्र मंडळ कायद्याने स्थापन झाले ते 1976 च्या अधिनियमाखाली, आणि तेच आजचे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. गावपातळीवरच्या लहान योजना बहुधा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे असतात.

प्रस्तावातील सर्वांत मोलाचा कागद म्हणजे उद्भवाचा दाखला. उद्भव म्हणजे ज्या विहिरीतून, विंधन विहिरीतून, नदीतून वा धरणातून पाणी उचलावयाचे ती जागा. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग काळ्या कातळाचा, अग्निजन्य बेसॉल्टचा आहे. या कातळात पाणी साठते ते झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि हा साठा उथळ असल्यामुळे पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेली विहीर होळीनंतर खालावू लागते व वैशाखात तळ दाखवते. म्हणूनच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने जागा पाहून दिलेल्या शिफारशीला आणि त्यानंतर होणाऱ्या क्षमता चाचणीला एवढे महत्त्व आहे. चाचणीच्या दिवशी विहिरीवर पंप बसवून ठराविक गतीने सतत उपसा करतात. काठावर फीत घेऊन बसलेला माणूस ठराविक वेळाने पाण्याची पातळी मोजून वहीत टिपतो. मग पंप थांबवून पाणी पुन्हा किती वेळात किती वर चढते, ते त्याच चिकाटीने नोंदवून घेतात. या दोन रकान्यांतील आकड्यांवरून विहीर दिवसाला किती लिटर पाणी देऊ शकेल, हे ठरते. रकाने तेच असले तरी चाचणी नोव्हेंबरात घेतली की मे महिन्यात, यावर साऱ्या योजनेचे भवितव्य लटकलेले असते. नोव्हेंबरातील आकडा खोटा नसतो, तो फक्त नोव्हेंबरापुरता खरा असतो. ज्या गावांत कोट्यवधी रुपयांचा जलकुंभ आणि घरोघरी तोट्या असूनही उन्हाळ्यात टँकर येतो, त्यांतील पुष्कळ गावांचे दुःख या एका तारखेत दडलेले आहे, असे माझे ठाम मत आहे.

उद्भव पक्का ठरला की पुढचे काम हिशेबाचे. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज 55 लिटर हे प्रमाण धरले आहे. तीस वर्षांनंतर 3,000 वस्ती होईल अशा गावाला त्या मानाने रोज 1,65,000 लिटर पाणी लागेल, आणि गळतीची तूट त्याहून निराळी धरावी लागेल. पंपगृहापासून जलकुंभापर्यंत जाणाऱ्या ऊर्ध्वनलिकेचा व्यास ठरविताना तपासनिसाची खरी कसोटी लागते, कारण अंदाजपत्रकाची रक्कम आटोक्यात आणण्याचा मोह येथेच अधिक होतो. शंभर मिलिमीटरऐवजी ऐंशी मिलिमीटर अंतर्व्यासाचा नळ घातला तर खरेदीत बचत दिसते, पण तेवढेच पाणी त्यातून ढकलताना घर्षणापायी वाया जाणारा दाब जवळजवळ तिप्पट होतो, आणि त्या जादा दाबाचे वीजबिल ग्रामपंचायत योजना चालू असेतो दरमहा भरत राहते. जलकुंभाच्या उंचीचेही तसेच. एकमजली घराच्या तोटीशी निदान सात मीटरचा दाब शिल्लक राहावा, हा संकेत जेथे पाळला जात नाही, तेथे उंचवट्यावरच्या वाडीला पाणी चढत नाही, आणि ती वाडी बहुधा गावातील गरिबांचीच असते.

पाणी पुरेसे असून भागत नाही, ते पिण्याजोगेही असावे लागते. भारतीय मानक 10500 प्रमाणे लिटरमागे विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा उद्भवच नसेल तर 2,000 पर्यंत चालावेत. फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत, निरुपायाने 1.5, नायट्रेटला मात्र 45 च्या वर सवलत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्यात विहीर कितीही खोल नेली तरी पाणी खारेच लागते, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडील काही गावांत फ्लोराइडने मुलांचे दात पिवळे पडतात व वडीलधाऱ्यांचे सांधे आखडतात. अशा ठिकाणी स्वस्त विंधन विहिरीचा प्रस्ताव परत पाठवून दूरच्या धरणावरील प्रादेशिक योजनेचा आग्रह धरणारा अभियंता गावावर खर्चाचा बोजा टाकीत नसतो, तो गावकऱ्यांच्या हाडांचे रक्षण करीत असतो.

मंजुरीनंतर निविदा निघते, चर खणले जातात, नळात पाणी भरून ठराविक दाबाखाली सांध्यांची चाचणी होते आणि मोजमाप पुस्तिकेत नोंदी पडून देयके निघतात. योजना काही काळ चालवून पाहिल्यावर ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात जाते, व तेथून पुढे ब्लीचिंग पावडर टाकणे आणि तोटीच्या पाण्यात क्लोरीनचा अंश उरला आहे की नाही हे पाहणे जलसुरक्षकाकडे येते.

या सर्व कागदपत्रांत गोपनीय असे काही नसते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला ती पाहता येतात, आणि कोणाही नागरिकाला माहितीच्या अधिकारात मागता येतात. तरीही ग्रामसभेपुढे प्रस्ताव येतो तेव्हा चर्चा होते ती जलकुंभाची जागा कोणाच्या गल्लीत आणि ठेका कोणाला, एवढ्यापुरतीच. क्षमता चाचणीची तारीख व आकडे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहिण्याचा शिरस्ता पडावा, आणि ठरावावर हात वर होण्यापूर्वी ते पान ग्रामसेवकाने मोठ्याने वाचून दाखवावे. आपली विहीर कोणत्या महिन्यात आटते, हे समोर बसलेल्या बायकांना कोणत्याही भूवैज्ञानिकाइतकेच ठाऊक असते, आणि दाखल्यावरचा महिना चुकला असेल तर त्या तेथल्या तेथे सांगतील.